वीस किलोचे प्रमाण वजन

वीस किलोचे ते बिडाचे वजन बैठकीच्या खोलीच्या दारात तीन आठवडे पडून होते. काटेवाल्यांनी ते रंग द्यायला म्हणून दुकानातून घरी आणले आणि दारापर्यंत येता येता त्यांच्या अंगातले त्राण संपले, म्हणून तिथेच टेकवले. पहिल्या आठवड्यात बायकोने ते हलवायला तीनदा सांगितले, दुसऱ्या आठवड्यात एकदा. तिसऱ्या आठवड्यात तिने त्याच्यावर फडके अंथरून कुंडी ठेवली. तेव्हापासून घरातले सगळे कुंडीला वळसा घालून जात.

काटेवाल्यांचे वय त्रेसष्ट. चाळीस वर्षे वजनकाटे दुरुस्त करण्यात गेलेली, म्हणून सगळी गल्ली त्यांना काटेवालेच म्हणे. पाच वर्षांपूर्वी ते थकवा येतो म्हणून एका झगमगीत दवाखान्यात गेले आणि टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुरू करून आले. पुढची चार-साडेचार वर्षे त्यांनी घरादाराला पळता भुई थोडी केली. एका वेळी दोन पायऱ्या चढायचे, सकाळी सहाला शीळ घालायचे, मुलीच्या लग्नानंतर रिकामी झालेली खोली तीनदा रंगवून झाली. मग एका तपासणीत रक्त नको तितके दाट झाल्याचे निघाले आणि इंजेक्शने बंद झाली.

हार्मोनच्या डॉक्टर शांत बाई होत्या. "हुकूम मेंदूतून सुटतो आणि माल अंडकोषात तयार होतो," त्यांनी समजावले. "तुम्ही इतकी वर्षं बाहेरून माल मागवलात. मेंदूने पाहिलं, गोदाम भरलेलं आहे. त्याने हुकूम देणंच सोडलं."

"मग आता कधी देईल?"

"कुणाचं चार-सहा महिन्यांत सुरू होतं, कुणाला वर्ष लागतं. आणि मुळात तुमचं किती होतं ते कुणी नीट मोजलेलंच नाही. या वयात किती येईल, ते मी आज सांगू शकत नाही."

"तोवर काय करायचं?"

"झोप, चालणं, वजन आटोक्यात. आणि धीर धरायचा."

पहिल्या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून मिळाल्या. चौथी काटेवाल्यांना कुठेच मिळाली नाही.

पाच महिने झाले. ते सकाळी पलंगाच्या कडेला बसत आणि एक मोजा घालून झाला की दुसऱ्याकडे पाहत राहत. टीव्हीवर धुलाई यंत्राची जाहिरात लागली, तिच्यातली म्हातारी आपल्या नव्या यंत्रावरून हात फिरवू लागली, की त्यांच्या डोळ्यांना धार लागे. हे सगळे एक वेळ चालले असते. पण येत्या सोमवारी पिठाच्या गिरणीतल्या मोठ्या काट्याची वार्षिक तपासणी होती. वीस किलोची पन्नास वजने एकेक करून काट्यावर चढवायची, आकडा पाहायचा, पुन्हा उतरवायची. बावीस वर्षे हे काम त्यांनी एकट्याने केले होते. मुलगी शाळेत असताना दुकानात बसायची आणि मला शिकवा म्हणून मागे लागायची, तेव्हा त्यांनी तिला सांगितले होते की हे बायकांच्या ताकदीचे काम नाही. आणि स्वतःला सांगून ठेवले होते की ज्या दिवशी वजन उचलवणार नाही, त्या दिवशी शटर खाली ओढायचे, ते कायमचे. ते वजन आता कुंडीखाली होते.

चौथ्या महिन्यात केलेल्या रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉनचा आकडा एकशे ऐंशी आला. किमान तीनशे हवा. बायको म्हणाली, "अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? येईल हळूहळू." पण काटेवाले विचारात पडले. उभ्या आयुष्यात त्यांनी एका काट्याचा एक आकडा कधी खरा मानला नव्हता. काटा तपासायचा तर आधी ज्याच्याबद्दल शंकाच नाही असे प्रमाण वजन ठेवून पाहायचे, आणि मग पारडी बदलून पुन्हा तोलायचे, म्हणजे काट्याने कुणाची बाजू घेतली असेल तर तिथेच पकडला जातो. प्रयोगशाळा म्हणजे तरी काय, एक काटाच. तिने अर्जावर त्रेसष्ट वय वाचले असणार आणि त्याला शोभेल असा आकडा छापून दिला असणार.

प्रमाण वजन घरातच होते. जावई चौतीस वर्षांचा, रोज दोन तास व्यायामशाळेत जाणारा, दंड असे की शर्टाच्या बाहीची दया यावी. काटेवाल्यांनी त्याला सोबत रक्त द्यायला बोलावले, तर पहिल्यांदा त्याला सर्दी झाली, दुसऱ्यांदा पाठ धरली, तिसऱ्यांदा सुईची भीती वाटते म्हणाला. मग काटेवाल्यांनी त्याला पारड्यांची अदलाबदल समजावली. तुमच्या नावाने माझे रक्त जाईल आणि माझ्या नावाने तुमचे. हे ऐकल्यावर जावयाचा चेहरा खुलला.

"म्हणजे माझं जे काही येईल, ते तुमच्या नावावर?"

"अगदी बरोबर."

"मग उद्याच जाऊ, बाबा."

जावई इतक्या पटकन का तयार झाला, हा प्रश्न काटेवाल्यांना पडायला हवा होता. पण त्या दिवसांत त्यांना उत्साहाने एखादा प्रश्न पडणेही जमत नव्हते. प्रयोगशाळेत दोन्ही अर्ज त्यांनीच भरले. जावयाच्या अर्जावर फोन नंबर लिहायचा होता आणि त्यांना मुलीचाच नंबर पाठ होता, तो लिहिला. रक्त घेणाऱ्या बाईंनी अर्ज पाहिला, मग समोरचे पांढरे डोके पाहिले.

"वय चौतीस?"

"दिवस फार वाईट चाललेत," काटेवाले म्हणाले.

मागे पंधरा माणसे उपाशीपोटी उभी होती. बाईंनी सुई टोचली, नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवली आणि पुढच्याला बोलावले.

शनिवारी दुपारी काटेवाल्यांच्या फोनवर त्यांच्या नावाचा अहवाल आला. आकडा होता चौऱ्याऐंशी. ते मटकन सोफ्यावर बसले. एकशे ऐंशीवरून चौऱ्याऐंशी. बायकोने पाणी आणले, ते हातात तसेच राहिले. संपले सगळे, त्यांना वाटले, आता सोमवारी गिरणीत फोन करायचा आणि शटर ओढायचे. अदलाबदल आपणच केली होती हे त्यांच्या डोक्यातून पार गेले होते. हल्ली डोकेही मोजे घालण्याच्याच वेगाने चालायचे.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मुलगी आत आली, पाठोपाठ जावई. मुलीच्या हातात फोन होता आणि डोळे रडून लाल झाले होते. जावई कुंडीपाशीच थबकला.

"बाबा, तुम्ही ह्यांची तपासणी केलीत आणि मला सांगितलंही नाहीत?" ती म्हणाली. "दोनशे बारा आलंय. तीनशेच्या वर हवं म्हणे. दोन वर्षं आम्ही मूल व्हावं म्हणून झटतोय, आणि दोष ह्यांच्यात असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही."

ती रडू लागली, आणि काटेवाले तिची समजूत घालायला पुढे सरकले. त्याच घाईत त्यांना अदलाबदल आठवली. एकाच वेळी दोन सुखे त्यांच्या पदरात पडली. दोनशे बारा तर आपले. म्हणजे एका महिन्यात बत्तीसने वर गेले, मेंदूने हुकूम सोडला. आणि पोरीचे अश्रू आता एका वाक्यात पुसता येतील.

"अगं वेडे, ते ह्यांचं नाहीच," ते पाच महिन्यांत पहिल्यांदा हसून म्हणाले. "ते माझं आहे. मी नावं बदलली होती, काटा तपासायला."

मुलीने डोळे पुसले. बाबांचा हा स्वभाव तिला लहानपणापासून ठाऊक होता. जावई मागे मान हलवून खुणावत होता, नको, नको. पण काटेवाले आनंदात होते.

"म्हणजे ह्यांचं ठीक आहे?" मुलगी म्हणाली. "मग ह्यांचं किती आलं?"

काटेवाल्यांचा फोन सोफ्यावर उताणा पडला होता. मुलीने तो उचलला, वाचला आणि नवऱ्याकडे वळून पाहिले. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो म्हणतात, पण तो इतका मोठा होईल असे कुणालाच वाटले नव्हते.

मग जावयाने सांगून टाकले. व्यायामशाळेतल्या शिक्षकाने इंजेक्शने सुरू करून दिली होती, दंड भरावेत म्हणून. अडीच वर्षे घेतली. मूल हवे तर ही चालत नाहीत असे त्याने कुठेतरी वाचले आणि तीन महिन्यांपूर्वी कुणालाही न सांगता बंद केली. त्याला वाटले, आपले आपण सुरू होईल. तेव्हापासून सकाळी पलंगावरून उठवत नाही, असेही तो म्हणाला.

मुलीने बाबांचा फोन सोफ्यावर परत ठेवला.

"माझ्या अकरा तपासण्या झाल्या," ती म्हणाली. "अकरा. प्रत्येक वेळी तुम्ही बाहेर बाकावर बसायचात."

ती तरातरा निघाली. दारात कुंडी आडवी आली. तिने कुंडी उचलून आईच्या हातात दिली, फडके बाजूला फेकले, वाकली आणि वीस किलोचे वजन एका दमात उचलून कमरेशी धरले. सासरा आणि जावई दोघेही बघत राहिले.

"हे कुठे ठेवू?"

"दुकानातच न्यायचं होतं," काटेवाले कसेबसे म्हणाले.

"गाडीत टाकते. सोमवारी गिरणीत किती वाजता पोचायचं असतं?"

"आठला. पण अगं, पन्नास वजनं असतात. ते तुझ्याच्याने..."

तिने त्यांच्याकडे पाहिले. हातातले वजन जरासुद्धा हलले नव्हते. काटेवाल्यांनी वाक्य तिथेच सोडून दिले.

"मी साडेसातला दुकानात येते," ती म्हणाली. "तुम्ही नुसते आकडे लिहा. आणि ह्यांना तुमच्या डॉक्टरांकडे न्या, ह्यांच्या स्वतःच्या नावाने."

जिन्यावरून तिची पावले खाली गेली, वजन घेऊनही भराभर. शटर ओढायची गरज उरली नव्हती. काटेवाल्यांना त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाले ते दुःखच. चाळीस वर्षे ज्या ताकदीच्या जिवावर त्यांनी दुकान चालवले, जिच्यासाठी रक्त दाट करून घेतले आणि पाच महिने रडून काढले, ती या पोरीत सुरुवातीपासून होती. त्यांनीच तिला ती नाही म्हणून सांगितले होते.

बायको कुंडी हातात घेऊन दारातल्या फरशीकडे पाहत होती. वजनाचा चौकोनी डाग पडला होता. जावई सासऱ्यांशेजारी येऊन टेकला. टीव्हीवर धुलाई यंत्राची जाहिरात लागली, म्हातारीने यंत्रावरून हात फिरवला, आणि दोघांनाही एकदमच हुंदका आला. बायकोने कुंडी खाली ठेवली आणि दोघांत मिळून एक पंचा आणून दिला.

"डॉक्टर काय सांगतात?" जावयाने नाक पुसत विचारले.

"धीर धरायचा म्हणतात."

"किती दिवस?"

काटेवाल्यांनी पंच्याचे आपल्याकडचे टोक ओढून घेतले.

"ते सांगत नाहीत, जावईबापू."