इतोकाची तीन पावलं

गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात गेन्पेई सुतार गळ्यापर्यंत गरम पाण्यात बुडाले, की त्यांच्या बढाया वाफेबरोबर छताला जाऊन टेकत. त्या दिवशी तर त्या छत फोडून बाहेर गेल्या!

"रविवारी आमची नात इतोका वर्षाची होतेय. पाठीवर गोळा घेऊन तीन पावलं टाकणार! लिहून ठेव!"

गोळा म्हणजे चिकट तांदूळ कुटून केलेला, चांगला दोन किलोंचा. पहिल्या वाढदिवसाला तो गाठोड्यात घालून पोराच्या पाठीला बांधायचा, ही रीतच होती.

शेजारी डुंबणारा कुमाझो न्हावी म्हणाला, "अरे, अजून बिनगोळ्याची तरी चालते का ती?"

"हिशेब आहे माझ्याकडे!"

"आणि हिशेब चुकला तर?"

"तर महिनाभर, सगळ्यांदेखत, तुझी पाठ घासून देईन!"

कुमाझोची पाठ एका दाराएवढी रुंद होती. सुतारालाच तो अंदाज!

हिशेब मात्र खरा होता. घरच्या खांबावर पेन्सिलीनं नोंदी होत्या: मंगळवारी टेबल धरून चार सेकंद उभी. गुरुवारी सात. शुक्रवारी एक हात सोडला, मांजर दिसलं, बसली. पोर उठताना आधी ढुंगण वर जातं की गुडघा सुटतो, हे बघायला सत्तरीचे गेन्पेई तासन्‌तास जमिनीवर पालथे पडून असत. बोलण्याच्या रकान्यात एकच शब्द होता: "आणखी!" पेजेला आणखी, मांजराला आणखी, आजोबांच्या शिंकेलासुद्धा आणखी!

गेन्पेईंच्या बायकोचं, सुएकोआजींचं, गणित उलटं. त्यांच्या माहेरी म्हणत, गोळ्यासकट जो चालतो तो घर सोडून जातो. जो पडतो तो घरीच राहतो. त्यांचा थोरला पाच पावलं चालला होता. आता ओसाकात असतो आणि वर्षातून एकदा फोन करतो.

"पोरगी पडलीच पाहिजे!"

"चाललीच पाहिजे!"

"आई, बाबा," इतोकाची आई, धाकटी सून नागिसा म्हणाली, "ती नुसती हसली तर नाही का भागणार?"

तिचं कोण ऐकतंय!

रविवारी सकाळी गेन्पेईंनी गाठोडं हळूच सोडलं, गोळा कापला आणि अर्धा कपाटात दडवला. जरा वेळानं आजींनी गाठोडं उचलून पाहिलं. "अगंबाई! एवढंसं घेऊन तर पोर ओसाकाला पोचेल!" आणि शेजाऱ्यांसाठी केलेला तेवढाच दुसरा अख्खा गोळा त्यांनी आत कोंबला. नवऱ्याला पत्ता नाही!

साक्षीदार म्हणून कुमाझो आला. गाद्या अंथरल्या. इतोकाच्या पाठीला गाठोडं बांधलं. ती जी बसली, ती लोणच्याच्या पिंपावरल्या दगडासारखी. हलेना, रडेना, पडेना!

"ही पडत का नाही?" आजी पुटपुटल्या.

"घासणी नवी घे रे," कुमाझो म्हणाला. "माझी पाठ जरा राठ आहे."

"थांब! उठायचं कसं तेच विसरलीय ती. मी दाखवतो!"

गेन्पेईंनी घाईघाईत तिचं गाठोडं सोडून स्वतःच्या पाठीला बांधलं आणि ते ओणवे झाले. "बघ राणी. आधी ढुंगण वर... मग गुडघा... आणि आता एक झट–"

कट्!

एक किलोच्या बेतानं दिलेला झटका तीन किलोंना भिडला. कमरेत उसण भरली आणि आजोबा तोंडावर आपटले.

सगळे थिजले. इतोका मात्र टेबल धरून उभी राहिली. आजोबांकडे टक लावून पाहिलं. हात सोडला. एक. दोन. तीन! आणि आजोबांच्या पाठीवर, गोळ्यासकट, धप्पकन बसली.

"आणखी!"

"चालली!" गादीतून आवाज आला. "कुमाझो, मोजलीस ना?"

"मोजली. पण गोळा तुझ्या पाठीवर होता! पैज मी जिंकलो!"

सुएकोआजींनी नातीला उचललं. "आमच्या माहेरचं काही खोटं नसतं हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जो पडला, तो राहिला घरी!"

राहिलेच! डॉक्टरांनी महिनाभर त्यांचं न्हाणीघरात जाणं बंद केलं. आता रोज संध्याकाळी कुमाझो औषधी तेलाची बाटली घेऊन येतो आणि गेन्पेईंच्या कमरेला ते चोळतो.

"पैज मी जिंकलो आणि पाठही मीच चोळतोय! हा कुठला हिशेब?"

"जरा डावीकडे," उशीतून गेन्पेई म्हणतात.

चिडून कुमाझो त्यांच्या कमरेवर सणसणीत थाप देतो. गेन्पेई ओरडतात. आणि दारात, कशालाही न धरता उभी असलेली इतोका टाळ्या पिटते –

"आणखी!"