जिन्यातला अर्धा तास

माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या रायपुरात कोणी नाही! हे मीच म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणत नाही. मागच्या वर्षी योगदिनाला आमच्या नव्या रायपुरातल्या ऑफिसात सगळ्यांना एकच आसन करायला लावलं होतं आणि अर्ध्या लोकांच्या कंबरा धरल्या होत्या. म्हणून यंदा लोकेश साहेब मला म्हणाले, "यज्ञेश्वर भैया, इस बार हर आदमी का ध्यान अलग-अलग रखना है. आप देखिए." मी छाती फुगवून हो म्हटलं. ज्याचं दुखणं, त्याचं औषध! त्यात काय अवघड?

पहिलं दुखणं दुसऱ्याच दिवशी सापडलं. जेवणाच्या सुट्टीत गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात हिशेब विभागातल्या नीलिमाताई एकट्याच बसल्या होत्या. चपला काढलेल्या, पाठ भिंतीला, मांडीवर डबा. आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी!

माझा जीव कळवळला. त्यांनाच विचारावं, एवढी साधी गोष्ट काही मला सुचली नाही. माणूस ओळखणारा विचारत बसतो का? मी थेट सोनिया आणि राधिका या ऑफिसातल्या दोन बडबड्या पोरींना गाठलं.

"उद्यापासून ताईंसोबत जेवायचं. एक मिनिट एकटं सोडायचं नाही!"

"लेकिन दीदी को हुआ क्या है?" सोनियाने विचारलं.

"दुःख!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दोघी जिन्यात पोचल्या. त्यांना पाहताच ताईंनी एक छोटी डबी झटकन पदराआड केली म्हणे. पुढच्या दिवशी त्या गच्चीवर टाकीमागे जाऊन बसल्या. पोरी तिथेही हजर! मग त्या खाली उभ्या असलेल्या ऑफिसच्या रिकाम्या बसमध्ये जाऊन बसल्या. मी ड्रायव्हरबरोबर समोसे पाठवले.

"दुःखी माणूस असाच लपतो," मी सगळ्यांना समजावून सांगितलं.

तोवर ऑफिसने निकालही लावून टाकला होता. कोणी म्हणे नवरा पितो, कोणी म्हणे सासू छळते. मी जाणकारासारखी मान हलवली. त्या मानेची आज मला फार लाज वाटते.

पूर्वी ताई जेवून आल्या की गुणगुणत काम करायच्या. आता फाइली आपटायला लागल्या. दुखणं वाढलं, असं मी ठरवलं आणि सरळ त्यांच्या नवऱ्याला फोन लावला. गौतमराव रेल्वेत आहेत.

"जय भीम साहेब, बोला."

"गौतमराव," मी आवाज जड केला, "वहिनी इथं रोज रडून राहिल्या. सांभाळा त्यांना."

तासाभरात त्यांच्या गुढियारीच्या घराकडून एक ऑटो येऊन थांबला. आतून ड्युटीच्या कपड्यांतले गौतमराव उतरले, मागून त्यांच्या आई शेवंताबाई. सगळं ऑफिस उभं राहिलं!

"पोरी, काय कमी केलं वं मी तुले?" शेवंताबाईंनी गळाच काढला. "या पोट्ट्यानं हात उचलला काय? सांग मले!"

गौतमराव खाली मान घालून उभे होते. आणि माझी माणसं त्यांच्याकडे दारुड्याकडे पाहावं तशी पाहत होती. मी हळूच एक पाऊल मागे सरकलो.

"कोणं सांगितलं मी रडून राहिली म्हणून?" नीलिमाताईंनी विचारलं.

सगळी बोटं माझ्याकडे वळली.

ताईंनी ड्रॉवरमधून ती छोटी डबी काढली आणि झाकण उघडलं. अर्धा हिशेब विभाग शिंकला!

"भाऊ, हा ठेचा आहे! आईले पित्ताचा त्रास, म्हणून घरी सारं फिक्कं. त्याचं मले काही नाही. पण घरात नऊ माणसं, इथं एवढे सारे. दिवसभर नीलिमा, नीलिमा, नीलिमा! तेवढा अर्धा तास मले कोणी हाक मारत नव्हतं. चपला काढून ठेचा खात होती. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, अन् मजेत होती मी! तेवढाच एक अर्धा तास माझा होता भाऊ. तोही तुम्ही घेतला."

धरणी दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेलो असतो. गौतमरावांसमोर हात जोडले, "चुकलो" म्हटलं.

"साहेब, तिले एकदा इचारलं असतं," एवढंच ते म्हणाले.

जाताना शेवंताबाई जिन्यापाशी रेंगाळल्या. इकडेतिकडे पाहत हळूच मला म्हणाल्या, "भाऊ, बाहेरच्या माणसाले बसता येते काय इथं?"

मी जाहीर केलं, जिना नीलिमाताईंचा! पण आता त्या जागेचा गुण सगळ्यांनाच कळला होता. दुसऱ्या दिवशी तिथे तिघं बसले होते, एकमेकांकडे पाठ करून, अगदी समाधानात. शेवटी मी ताईंना जेवणाच्या सुट्टीत माझी केबिन दिली. आतून कडी घालायची, कोणी हाक मारायची नाही. आणि मी माझा डबा घेऊन बसमध्ये.

पहिल्याच दिवशी केबिनमधून निघताना ताईंनी माझ्या डब्याच्या झाकणावर ठेच्याचा गोळा ठेवला. "घ्या भाऊ." माफ केलं, असं समजून मी बसमध्ये बसून मोठा घास घेतला. बाप रे! नाक, डोळे, कान, सगळीकडून धारा!

तेवढ्यात बसच्या दारात लोकेश साहेब. त्या भानगडीच्या दिवशी ते नेमके बिलासपूरला होते. मागे सोनिया आणि राधिका. दोघींना सगळं माहीत होतं, तरी तोंडाला ओढणी लावून गप्प!

"यज्ञेश्वर भैया, अकेले? और रो रहे हो?"

"ठे... ठे..." पुढे आवाजच फुटेना.

"कुछ मत बोलिए," साहेबांनी खिशातून फोन काढला, माझ्या घरचा नंबर लावला. "हॅलो, मंदाकिनी भाभी? मन कड़ा कीजिए..."

फोन हिसकावून घ्यावा असं वाटलं. पण गौतमरावांची खाली गेलेली मान आठवली, आणि मी मुकाट्याने ठेच्याचा दुसरा घास घेतला.