बंपरवरचं नारळाचं पाणी

सिद्राम पांचाळच्या घरातल्या फळीवर उभा असलेला हातभर लांबीचा ट्रेलर वयाबाहेर गेल्याचं परिवहन कार्यालयाच्या लक्षात आलं, आणि गाडी तपासणीला हजर करावी अशी नोटीस त्याच्या घरी आली. नोटिशीत चूक काढावी असं काही नव्हतं. कायदा गाडीचं वय बघतो, लांबी बघत नाही.

आता तसं म्हटलं तर ट्रेलर गेल्या दिवाळीनंतर बनवायला घेतलेला. सिद्रामने उभा जन्म उंबरे फाट्यावर ट्रकच्या बॉड्या बांधण्यात घालवला होता. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मोठी कामं सुटली आणि तो मांडीवर मावणाऱ्या कामांकडे वळला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केबिन, छत्रीच्या काड्यांचा सांगाडा, सायकलच्या ट्यूबचे टायर. इथवर कुणीही करील. सिद्रामचं कसब त्याच्या पुढचं होतं. नवी कोरी गाडी तो जुनी करायचा. पत्र्यावर आधी गंजाचा तांबूस रंग, त्यावर पाण्याचा हात फिरवून मिठाचे खडे, आणि त्यावर लाल रंग. रंग वाळला की मीठ खरवडून काढायचं, म्हणजे पोपडे उडाल्यासारखा गंज खालून डोकावतो. चाकांच्या वर विटेची पूड, सायलेन्सरपाशी दिव्याची काजळी, टाकीखाली डिझेलचा ओघळ. शेजारचे दामूअण्णा तर ट्रेलरच्या मागून जाताना नाकाला रुमाल लावायचे.

हा ट्रेलर सिद्रामच्या मुलाचा, उमाकांतचा होता. उमाकांतचा खराखुरा ट्रेलर मात्र जुना झालाच नव्हता. हप्त्यावर घेतलेली नवी गाडी, तिसरीच खेप, मागे लोखंडी सळया, आणि घाटात ब्रेक तापून लागेनासे झाले. उमाकांत तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याला आता वीस वर्षं होत आली. म्हणून सिद्रामने ट्रेलर तेव्हा होता तसा केला नाही. तो चालतच राहिला असता तर आज जसा दिसला असता, तसा केला. कुठल्या साली कोकणात जाऊन दाराचा पत्रा सडला असता, कुठल्या गोदामाच्या भिंतीला डावा आरसा घासून तारेने बांधावा लागला असता, हे सगळं त्याने बसून ठरवलं होतं. गंजाच्या एकेका ठिपक्यामागे एकेक पावसाळा होता. पोराने न काढलेले पावसाळे बापाने ब्रशने काढले.

सगळ्यात जास्त वेळ त्याने बंपरला दिला. त्या घाटात निम्म्यावर देवीचं ठाणं आहे. उतरणारे ड्रायव्हर तिथे गाडी लावतात, नारळ फोडतात आणि त्याचं पाणी बंपरवर शिंपडतात. नारळ, अंगारा, दोन शब्द बोलणं होईतो ब्रेक गार होतात. जुने ड्रायव्हर न चुकता थांबतात. तरणे चालत्या गाडीतूनच हात जोडतात आणि खाली सुटतात. उमाकांत निघाला तेव्हा त्याची आई शेवंता दारातून ओरडली होती, "देवीपाशी थांब रे!" त्याने खिडकीतून हात केला होता. फळीवरच्या ट्रेलरच्या बंपरवर सिद्रामने खऱ्या नारळाच्या पाण्याचे थर दिले होते, एक वाळला की दुसरा, पांढुरके, एकावर एक चढलेले. एवढे डाग पडायचे तर माणूस दर खेपेला थांबलाच असला पाहिजे.

तर नोटीस आली, आणि सिद्राम ट्रेलर खोक्यात घालून एसटीने परिवहन कार्यालयात गेला.

तपासणीला निरीक्षक घोलप मॅडम होत्या. बाई शांत, कुणावर आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी खाली उकिडवं बसून गाडीला चक्कर मारली, वाकून खालून बॅटरीचा झोत टाकला आणि उठून हात झटकले.

"काका, गाडी खोक्यातून आणलेली चालत नाही. ट्रॅकवर स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे."

"कशी यील, मॅडम? आत ड्रायव्हर न्हाई."

"तेच म्हणते मी. ड्रायव्हरशिवाय गाडी कशी चालेल? ड्रायव्हर घेऊन या."

बाईंचं बरोबर होतं. ट्रेलरची सीट त्याने रेक्झिनची केली होती, स्टिअरिंगवर सुतळीचं वेटोळं होतं, आरशाला गोंडे होते. माणूस तेवढा नव्हता. महिनोन् महिने तो सीटपर्यंत यायचा आणि ब्रश खाली ठेवायचा.

घरी येऊन त्याने एमसील मळलं. बोटाच्या दोन पेरांएवढा उमाकांत झाला, सुयांनी आणि खिळ्याच्या टोकाने. नाक आजोबांवर गेलेलं, कान बाहेर आलेले. पक्का रंग दिला, निळा शर्ट दिला. शेवंताने तो तळहातावर घेतला. मग डोळे पुसून म्हणाली, "एवढ्या जुन्या गाडीत एवढं कवळं पोर? चोरून आणलीया म्हणतील. पोलीस धरतील त्याला."

हेही बरोबर होतं. गाडी वीस वर्षं चालली, तर चालवणारा काय तसाच राहील? सिद्रामने ब्रश पुन्हा हातात घेतला आणि जे गाडीचं केलं ते पोराचं करायला बसला.

ते दिवस त्या घरातले शेवटचे बरे दिवस म्हणायला हरकत नाही. शेवंता बाजूला पाट घेऊन बसायची आणि सूचना करायची.

"कानापाशी पिकू द्या जरा. वर नको. तुमचे कुठं वर पिकलेत?"

"पोट?"

"येणारच की. बसून काम, ढाब्याचं खाणं. पर लई नको. सुनेनं बोललं असतं त्याला."

सुनेचं नाव दोघांनी काढलं नाही, पण ती असणार हे धरून चालले. सिद्रामने एमसीलची बारीक गोळी लावून पोट केलं. खिडकीकडचा उजवा हात उन्हाने रापवला, डावा उजळ ठेवला. डोळ्यांखाली काजळीचा हात फिरवला तेव्हा शेवंताने त्याचं मनगट धरलं. "बास. झोप तर मिळत आसंल की त्याला."

सगळं झाल्यावर पंचेचाळिशीचा उमाकांत दोघांकडे बघत होता. दमलेला, जरा कंटाळलेला, घरी जेवून परत निघायच्या बेतात असलेला. सिद्रामने आयुष्यात इतकं चांगलं काम केलं नव्हतं. चालत्या गाडीत पोर हलायला नको म्हणून त्याने त्याला फेव्हिक्विकने सीटला पक्कं चिकटवलं आणि वरून केबिनचं छप्पर झाळून टाकलं. असली कामं करणाऱ्याला ही सवयच असते. जे मनासारखं जमलं ते तो पुन्हा हात लागणार नाही असं बंद करून टाकतो.

दुसऱ्या खेपेला गाडी स्वतः ट्रॅकवर गेली. पांढऱ्या पट्ट्याच्या आतून, सावकाश, वळणाच्या आधी वेग कमी करत. थांबण्याच्या रेषेवर थांबली. रांगेतल्या एका टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तरी हलली नाही.

"ड्रायव्हर चांगला आहे," घोलप मॅडम म्हणाल्या. सिद्रामने वळून टेम्पोवाल्याकडे बघितलं. "पण गाडी संपलीय, काका. ही भंगारातच जाणार."

"आन् ड्रायव्हर?"

"त्याला उतरवून घ्या."

सिद्रामने सांगितलं की तो उतरत नाही, चिकटवलाय. छप्परही झाळलंय. मॅडमनी पुन्हा वाकून बघितलं आणि खरोखर वाईट वाटलेल्या माणसासारखी मान हलवली. "मग तो गाडीचाच भाग धरावा लागेल. सोमवारी दाबयंत्र येतं." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "एक करता येईल. गाडी तुम्हीच बनवलीत ना? ती मुळात नवी होती, तर नवी करून आणा. सगळं उतरवा. नवी गाडी मी नाकारू शकत नाही."

घरी त्या दिवशी कुणी जेवलं नाही. सिद्राम म्हणत होता, जाऊ दे भंगारात. निदान पंचेचाळीसचा होऊन जाईल. सगळ्यांचंच कधीतरी व्हायचं. शेवंताने एकच विचारलं, "दाबयंत्र म्हंजे कसं असतं?"

सिद्रामने आयुष्यभर पत्र्यात काम केलं होतं. कसं असतं ते त्याला ठाऊक होतं.

"धुऊन टाका," शेवंता म्हणाली. "तेव्हा त्याचं तोंडसुदिक बघू दिलं न्हाई आमाला. आता तरी हातपाय धड राहू द्या. फळीवर बसू दे तसाच, तरणा तर तरणा."

म्हणून सिद्रामने ट्रेलर रॉकेलच्या परातीत बुडवला. विटेची पूड आधी गेली, मग काजळी, मग डिझेलचे ओघळ. खिडक्या उघड्याच होत्या. रॉकेल आत शिरलं आणि कानापाशी पिकलेले केस सुटून वर तरंगले. डोळ्यांखालची काजळी निघाली. हात पुन्हा एका रंगाचे झाले. पोट तेवढं सुटायला वेळ लागला, मग तेही परातीच्या तळाला जाऊन बसलं. खालचा पक्का रंग तसाच होता, निळा शर्ट तसाच. पोपडे उडालेल्या जागी सिद्रामने नवा लाल रंग भरला, आरसा सरळ केला. बंपरवरचे थर सहजासहजी निघेनात. ते त्याला चिंधीने घासून काढावे लागले. घासताना तो रडत होता, पण हात थांबवला नाही, कारण एकही डाग राहिला असता तर गाडी जुनी ठरली असती.

गाडी पास झाली. घोलप मॅडमनी काचेवर स्टिकर स्वतः लावला, अगदी कोपऱ्यात, बघायला आड येणार नाही असा. सिद्रामचा जीव भांड्यात पडला. त्याने खोकं उघडलं.

"हे कशाला?" मॅडमनी विचारलं.

"घरी न्यायची, मॅडम. फळीवर ठेवायची."

"काका, पास झालेली नवी गाडी उभी ठेवता येत नाही. परवाना मालवाहतुकीचा आहे. उभी ठेवायची तर नापास हवी, आणि नापास झाली की भंगारात." त्यांनी फाटकाकडे बोट केलं. तिथे एक हमाल उकिडवा बसून ट्रेलरवर सायकलच्या आऱ्यांएवढ्या सळया चढवत होता. "भाडं लागलंय. आजच निघायचंय."

"कुठल्या वाटंनं?"

"घाटातून. दुसरी वाट कुठंय?"

सिद्रामने बाईंना सांगितलं की हा पोरगा आज सव्वीस वर्षांचा आहे. मॅडमनी लायसन्स बघितलं. सव्वीसला जड वाहन चालवायला कायद्याची काही हरकत नव्हती. परवापर्यंत हा पंचेचाळीसचा होता, देवीपाशी थांबत होता, बंपरवर डाग होते, असं सिद्राम म्हणाला. मॅडमनी बंपर बघितला. तो कोरा होता, त्यात त्यांचाही चेहरा दिसत होता.

"डाग असते तर मी पास केली नसती," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचंही खरंच होतं. सिद्रामने हात टेकले.

सळया चढल्या, दोरी आवळली गेली. गाडी सुरू झाली. या वेळी ती पट्ट्याच्या आतून गेली नाही. फाटकापाशी वेगही कमी केला नाही. सिद्राम खोकं टाकून, गुडघे विसरून मागे पळाला आणि महामार्गाच्या कडेपर्यंत ओरडत गेला. गाड्यांच्या चाकांमधून लाल ठिपका पुढे निघाला होता. मग तो दिसेनासा झाला.

एसटीने तो घरी आला. शेवंता दारातच होती. त्याचे हात मोकळे बघून तिने खोकं कुठंय विचारलं नाही.

"पास झाली?"

"झाली. भाड्याला गेली. घाटातनं."

शेवंताने दाराची चौकट धरली. "सांगितलं का त्याला? देवीपाशी थांब म्हणून?"

"सांगितलं. रस्त्यापातूर पळत गेलो. वरडून सांगितलं."

"मग?"

"खिडकीतनं हात केला."

शेवंता उंबऱ्यावर बसली. सिद्राम तिच्या शेजारी बसला. समोरच्या महामार्गावरून गाड्या चालल्या होत्या, मोठ्या, भरलेल्या, घाटाकडे.

"म्हंजे न्हाई थांबायचा," शेवंता म्हणाली.