टिपणीसकाका आणि उष्टी नसलेली व्हिसल

व्हिसल विकत घ्यायला गेलेला माणूस दुकानात आधी काय विचारेल? सूर कसा आहे, किंमत काय, असलंच काहीतरी. टिपणीसकाका विचारतात, "हिला याआधी कोणाकोणाचं तोंड लागलंय?"

आणि हे इंग्रजीत विचारतात. लंडनमधल्या वाद्यांच्या दुकानात, भर शनिवारी, मागे रांग खोळंबलेली असताना. काउंटरवरच्या बिचाऱ्या बाईंनी सौजन्यानं निर्जंतुक करायचा ओला रुमाल पुढे केला. काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "जंतू मरतील गं, पण उष्टं कसं मरेल?"

मी लंडनशेजारच्या स्लाऊला काकांच्या घरात भाड्यानं राहते आणि भाडेकरूंच्या हक्कांसाठी चळवळ करते. म्हणजे दिवसभर भर बाजारात, हाय स्ट्रीटवर उभी राहून घरमालक नावाच्या जमातीविरुद्ध पत्रकं वाटते आणि घरी येऊन घरमालकाच्याच हातची आमटी ओरपते. यावर काकांनी एकदाच भाष्य केलं. "कॉम्रेड, क्रांतीनंतर मला लटकवायचं ठरलं तर आदल्या दिवशी सांग. उगाच डाळ भिजत घालायला नको."

काकांचा अख्खा जन्म हॉस्पिटलच्या तळघरात, एक्स-रे विभागात नोकरी करण्यात गेला. रिटायर होऊन कैक वर्षं झाली तरी जिभेवरून मशीन उतरलेलं नाही. मी बॉयलर दुरुस्त होत नाही म्हणून तावातावानं भांडायला गेले की म्हणतात, "हलू नकोस. श्वास घे. धरून ठेव. हं, आता सोड." सोडेपर्यंत माझा मुद्दा गेलेला असतो. चळवळीतल्या लोकांनी या डावपेचापासून सावध राहावं.

आता व्हिसलबद्दल. रेफ्री फुंकतो ती नव्हे. ही सहा भोकांची, उभी धरून वाजवायची, आपल्या जत्रेतल्या पिपाणीची शिकलेली बहीण. आयरिश लोक तिच्यावर त्यांच्या पारंपरिक धुना वाजवतात, आणि स्लाऊमधले एक कायस्थ गृहस्थही वाजवतात. बासरी का नाही, असं मी विचारलं होतं. "बासरीला गुरू लागतो, रियाज लागतो, आणि मैफलीत मान डोलवायला पुण्याचे नातेवाईक लागतात. हिला फक्त डर्मट लागतो."

डर्मट त्याच हॉस्पिटलात पोर्टर होता. पेशंटला ढकलत तळघरात आणायचा, आणि फोटो निघेपर्यंत कॉरिडॉरमध्ये उभा राहून खिशातली पत्र्याची व्हिसल वाजवायचा. त्यानंच काकांना शिकवलं. काकांच्या मते त्यांनी त्याला मोबदल्यात पोहे शिकवले, पण डर्मट पोह्यांत बटाट्याचे एवढे मोठे तुकडे घालतो की ते शिक्षण वाया गेलं असंच धरायचं.

हा डर्मट हल्ली केअर होममध्ये असतो. फुप्फुसं थकल्यामुळे वाजवणं बंद, ऐकणं कानातल्या यंत्राच्या भरवशावर. काका दर रविवारी त्याच्यासमोर वाजवायला जात. पण पत्र्याच्या व्हिसलचा वरचा सूर लागला की ते यंत्र किंचाळायचं. यंत्र काढलं तर ऐकू नाही, ठेवलं तर डोक्यात कळ. त्यात डर्मटच्या मुलीनं ठरवलं, बाबांना महिनाअखेरीस आयर्लंडला घेऊन जायचं. कायमचं. त्याआधी एकदा तरी त्याला धून नीट ऐकवायची, एवढंच काकांना हवं होतं. लाकडी व्हिसलचा आवाज मऊ असतो, असं कुठंतरी वाचलेलं. झालं, काका लाकडाच्या मागे लागले.

आणि इथे मला बोलणं भाग आहे. पत्र्याची व्हिसल सँडविचच्या भावात मिळते. लाकडाची घ्यायला जा, दुकानदार ती काचेच्या कपाटातून अशी काढतो, जणू राणीचा दात. मधलं काहीच नाही! गरिबानं किंचाळावं आणि श्रीमंतानं मऊ वाजवावं, अशी ही व्यवस्था आहे. कोणी ठरवलं हे? मी दुकानातच विचारलं. काका म्हणाले, "श्वास धर."

परवडणाऱ्या लाकडी व्हिसली नसतात असं नाही. असतात, पण जुन्या, वापरलेल्या. आणि वापरलेल्या म्हणजे उष्ट्या. मी ऑनलाइन एक छान शिसवी शोधून दाखवली, मालक डर्बीचा निवृत्त शिक्षक. काकांनी फोटो मोठा करून, ज्या नजरेनं त्यांनी आयुष्यभर हाडं पाहिली त्या नजरेनं पाहिला.

"तोंडाशी दातांच्या खुणा आहेत. हा माणूस चावतो."

"काका, तुम्ही पबमध्ये सगळ्यांच्या प्लेटमधल्या चिप्स खाता!"

"चिप्सला तोंड लावलेलं नसतं. लावलं असतं तर चिप उरली असती का?"

यावर पत्रक काढता येत नाही.

शेवटी रेडिंगजवळच्या एका चर्च हॉलमध्ये वाद्यं बनवणाऱ्यांचा बाजार भरला, तिथे गेलो. काकांनी परीक्षेची पद्धत ठरवली होती. डर्मटचं एक जुनं, टाकून दिलेलं श्रवणयंत्र त्यांनी मिळवलं होतं. ते माझ्या कानात. मी हॉलच्या टोकाला उभं राहायचं, काका वाजवणार, यंत्र ओरडलं की मी हात वर करायचा.

"दुसऱ्याच्या कानातलं माझ्या कानात? आणि हे उष्टं नाही?"

"कानाचं उष्टं नसतं," काका म्हणाले. हे कुठल्या ग्रंथात आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

तर मी, पोलिसांसमोर न डगमगलेली बाई, चर्च हॉलमध्ये शाळेतल्या पोरीसारखी हात वर करत उभी. काळ्या लाकडाची एक आली. मधाळ, पण किंमत ऐकून काकांनी ती खाली ठेवली तीसुद्धा दोन्ही हातांनी. बॉक्सवुडची आली, खालचे सूर लोण्यासारखे, वरच्याला माझा हात वर. एकानं बांबूची पुढे केली. "हे लाकूड नव्हे, गवत आहे," काका त्याच्या तोंडावर म्हणाले. तो म्हणाला, तुमच्याच देशात तर बांबूच्या वाजवतात. काका म्हणाले, "म्हणून तर मी इकडे आलो."

कोपऱ्यात वेल्सच्या एक आजीबाई बसल्या होत्या, स्वेटरवर भुसा. त्यांच्याकडे आलुबुखाराच्या लाकडाची एक लालसर व्हिसल होती. स्वस्त, कारण लाकडात गाठ. "आवाजाला काही होत नाही," त्या म्हणाल्या, "पण लोकांना गाठ दिसते."

"मी जन्मभर गाठी बघितल्यात," काका म्हणाले, "ही निरुपद्रवी आहे." मग तो प्रश्न. याआधी कोणी?

"फक्त मी. फुंकून पाहिल्याशिवाय भोक किती मोठं करायचं ते कसं कळणार?"

गेली ही पण. काका गाठीवरून अंगठा फिरवत मला म्हणाले, "स्वयंपाक करणाऱ्यानं मीठ पाहिलं तर आमटी उष्टी होते का?"

"नाही," मी म्हणाले. आमच्या आजीच्या मते होते. पण आजी रेडिंगला नव्हती.

काकांनी वाजवलं. वर, आणखी वर. माझ्या कानातलं यंत्र गप्प. मी दोन्ही हात खिशात घातले.

निघताना आजीबाईंनी बजावलं, लाकूड कोरडं पडू देऊ नका, अधूनमधून तेल द्या. कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल, हे सांगायला कशाला हवं. काकांनाही तसंच वाटलं. तेल म्हणजे खोबरेल. बाळाला, केसांना, दाराच्या बिजागरीला जे चालतं ते व्हिसलला का नाही? आमच्याकडे त्याची बाटली बारा महिने रेडिएटरवर उभी असते. काकांनी व्हिसलला आत-बाहेर असं अभ्यंग घातलं की पाडव्याला मलाही कोणी घातलं नव्हतं. घरात छान वाजली.

डर्मट जायच्या आधीचा शेवटचा रविवार. बाहेर कडाक्याची थंडी, बस उशिरा. (बस कंपन्यांबद्दल माझं वेगळं पत्रक आहे.) केअर होममध्ये डर्मट खिडकीशी खुर्चीत बसला होता, मांडीवर घोंगडी. काकांनी कोटातून व्हिसल काढली, ओठांना लावली, फुंकली.

फूस्स.

पुन्हा फुंकली. पंक्चर झाल्यासारखी नुसती हवा. आत बघतात तर तेल गोठून चक्क मेणबत्ती झालेली. एवढी वणवण, एवढं सोवळं, आणि शेवटच्या दिवशी खोबरेलानं दगा दिला.

"दे इकडे, टिप," डर्मट म्हणाला. टिपणीसमधलं त्याला तेवढंच जमतं. त्यानं ती नाकाशी नेली. "हिला केकचा वास का येतोय?"

काकांनी शरमेनं सांगितलं. डर्मट हसला, हसता हसता खोकला, खोकता खोकता त्यानं व्हिसल सरळ शर्टाच्या आत, काखेत घातली आणि वरून घोंगडी ओढली. "आता अंड्यासारखी उबवू. बस."

आम्ही बसलो. दोघं म्हातारे हॉस्पिटलातल्या कुठल्यातरी मेट्रनच्या चुगल्या करत राहिले. मी चहा आणला. बऱ्याच वेळानं डर्मटनं काखेतून व्हिसल काढली, झटकली, पुढे केली. ऊबदार, तेलकट, घामट. मी काकांकडे पाहिलं. काकांनी रुमालसुद्धा काढला नाही. तशीच ओठांना लावली.

धून वाजली. यंत्र किंचाळलं नाही. डर्मटनं डोळे मिटून पायानं ठेका धरला. आणि दुसऱ्या भागात काका चुकले. सूर वर जायचा तो खाली गेला.

"अप, मॅन, अप!" डर्मट खुर्चीतून ओरडला. "खाली कुठे चाललास? किती वर्षं सांगतोय तुला!"

काकांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच चुकले. डर्मट पुन्हा तडकला, हवेत बोटं नाचवून दाखवू लागला, गालांवर रंग आला. पोर्टरची वर्दी नुकतीच चढवल्यासारखा दिसत होता. तिसऱ्या वेळी काकांनी बरोबर वाजवलं, तेव्हा त्यानं असा सुस्कारा सोडला, जणू सगळं ओझं त्यानंच वर नेऊन ठेवलं.

मी त्या घरात राहते. भिंत पातळ आहे, त्याबद्दल मी घरमालकाला लेखी कळवलेलंही आहे. ती जागा काका कधीही चुकत नाहीत. बसस्टॉपवर मी विचारलं, "मुद्दाम?"

"हलू नकोस," काका म्हणाले. "बस आली."

डर्मट आयर्लंडला गेला. मुलीनं पोहोचल्याचा मेसेज केला, बाबा बरे आहेत, नवी खोली आवडली आहे. काकांनी आमटी केली, जरा जास्तच.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी खोलीत पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. पलीकडून तीच धून सुरू झाली. पहिला भाग झाला. दुसऱ्यात सूर खाली गेला, आणि वाजवणं थांबलं. जरा वेळ काहीच नाही. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा खाली. पुन्हा तो थांबा, जरा जास्त लांब.

मला संगीतातलं काही कळत नाही. मी उठले आणि भिंतीवर मूठ आपटली.

"अहो वर! वर जा! खाली कुठे चाललात?"

पलीकडून काकांचा आवाज आला. "तुला गं काय कळतंय?"

"काही नाही! पण चुकलात!"

एक खाकरणं ऐकू आलं. खुर्ची सरकली, भिंतीच्या जवळ. आणि काका पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागले.