भरीव हिरवी खूण

सोनिवलीच्या पळसबाग सहकारी गृहनिर्माण संस्थेने कागद रद्द केला, त्याला दोन वर्षं झाली. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण सभेला वेळेवर हजर असलेली माणसं दोनच होती: सेक्रेटरी हरिचंद्र भोईर आणि वड्यांची ऑर्डर घेऊन आलेला माणूस.

पळसबागेचे चौऱ्याऐंशी फ्लॅट उभे होते ती जागा हरिचंद्रच्या बापजाद्यांची भातशेती. बदल्यात त्याला दोन फ्लॅट, एक पार्किंग आणि मागाहून सेक्रेटरीपद मिळालं. त्याआधी तो अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता आणि तीस वर्षं न वाचता सह्या करून एकदाही पकडला गेला नव्हता. त्यामुळे कामकाजावर त्याची पकड आहे असं सगळे मानत. सगळ्यांत जास्त तो स्वतः.

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या हरेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात संस्थेचं सगळं दप्तर स्कॅन होऊन क्लाउडवर चढलं. मूळ कागदांना हार घालून, नारळ फोडून, ते रद्दीवाल्याच्या टेम्पोत भरण्यात आले. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत हरिचंद्र टाळ्या वाजवत होता. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, बकुळाने, एवढंच विचारलं, "आन् नेट गेला तं?"

"आता नेट जात नाय," हरिचंद्र म्हणाला. तो लॅपटॉपविषयी बोलताना नेहमी थोडा वर बघून बोलत असे.

इमारतीत नळ भरपूर होते, पाणी तेवढं नव्हतं. ते टँकरने येई आणि येईल तेव्हा चौऱ्याऐंशी घरं कळशा घेऊन खाली येत. दीड वर्ष अर्ज केल्यावर एकदाचं पत्र आलं: शुक्रवारी सकाळी अकराला उपअभियंता पाहणीला येतील, इमारतीचा भोगवटा दाखला जागेवरच दाखवावा, न दाखवल्यास प्रकरण यादीच्या शेवटी जाईल. यादीचा शेवट म्हणजे पुढची दोन वर्षं टँकर, हे लहान पोरांनाही माहीत होतं.

आणि शुक्रवारी तर दुरुस्तीसाठी लाइट जाते. लाइट गेली की नेट जातं, आणि घटकाभरात मोबाइलचा टॉवरही मान टाकतो. हे हरिचंद्रच्या ध्यानात आधीच आलं. त्याच्या दूरदृष्टीवर आम्ही तरी शंका घेणार नाही. त्याने मंगळवारीच हरेशला फोन लावला.

"साईं, टेन्शन काय को लेते?" हरेश म्हणाला. "फाइल ऑफलाइन ठेवा. राइट क्लिक मारा, 'या डिव्हाइसवर कायम ठेवा' बोलेल, तिकडे दाबा. हिरवी खूण आली की झालं. फक्त एक बघा, खूण दोन टाइपची असते. आतून खाली असेल तो..."

पण 'हिरवी' हा शब्द ऐकताच हरिचंद्रने "समजलं" म्हणून फोन ठेवला होता, आणि ठरावाचा मसुदाही मनात सुरू केला होता.

गुरुवारी तो आंघोळ करून लॅपटॉपसमोर बसला. भोगवटा दाखला उघडून पाहिला. उघडल्याबरोबर फाइलीशेजारी आपोआप हिरवी खूण उमटली. राइट क्लिकचीही गरज पडली नाही, म्हणजे यंत्रालासुद्धा प्रसंगाचं गांभीर्य कळलं होतं. 'दाखला ऑफलाइन. खूण हिरवी. सेक्रेटरीने समक्ष पाहिली,' अशी नोंद त्याने संस्थेच्या ग्रुपवर टाकली. छत्तीस अंगठे आले.

मग हात मोकळा होता म्हणून बाकीचंही वाचवावं असं त्याला वाटलं. अभियंत्याने विचारलं, तुम्ही कोण, तर? म्हणून स्वतःच्या सत्कारांचे नऊशे फोटो कायम ठेवले. मग लेकीची, जिज्ञासाची हळद. गेल्या मे महिन्यात इमारतीच्या आवारात झालेली, तीन कॅमेरे आणि एक ड्रोन. तीही कायम. या सगळ्यांसमोर गच्च भरलेल्या हिरव्या खुणा उमटल्या. तेवढ्यात पडद्यावर सूचना आली: जागा संपत आली आहे, कायम न ठेवलेल्या फाइली फक्त क्लाउडवर ठेवून जागा मोकळी करायची का?

तीस वर्षांच्या सरावाने हरिचंद्रने न वाचता 'होय' केलं.

चहा ठेवायला आलेल्या बकुळाने त्याआधी म्हटलंही होतं, "आवो, ही दाखल्याची खून आतशी पोकल दिसते. हलदीची कशी भरलेली हाय."

"हिरवी हाय ना? मग झाला."

शुक्रवारी अकराला उपअभियंता हिंदुराव आले. लाइट साडेदहालाच गेली होती, टॉवरही पडला होता. पार्किंगमध्ये टेबल, टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपला हार, आणि भोवती रिकाम्या कळशांसकट सगळी पळसबाग.

"दाखला," हिंदुराव म्हणाले.

हरिचंद्रने फाइलीवर क्लिक केलं. शेजारची खूण हिरवी नव्हती. तिथे आता एक छोटासा ढग होता. 'फाइल उपलब्ध नाही. इंटरनेट जोडा.' त्याने पुन्हा क्लिक केलं, मग जोरात क्लिक केलं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा खरंच लाज वाटली, आणि ती सहन होईना.

"तुमची ती ऑफलाइन व्यवस्था चालते तरी का?" हिंदुरावांनी विचारलं.

तिथे गप्प बसला असता तर कदाचित पुढची तारीख मिळाली असती. पण हात दाखवून अवलक्षण करायची खोड एकट्या हरिचंद्रला थोडीच असते! व्यवस्था चालते हे सिद्ध करण्यासाठी त्याने भरीव खुणेची पहिली फाइल उघडली.

हळद सुरू झाली. एकदाही न अडखळता. ड्रोन वरून खाली आला, आणि दिसलं की आवारात दोन टँकर उभे आहेत, त्यांच्या पाइपांतून पावसासारखं पाणी उडतंय, आणि त्याखाली हरिचंद्र सदरा काढून नाचतोय. त्याच्या मागे सगळी पळसबाग. आता टेबलाभोवती उभ्या असलेल्यांत त्या नाचात नव्हता असा एकही जण नव्हता.

हिंदुरावांनी पूर्ण पाहिलं. मग अर्जावर शेरा लिहिला: 'पाणीटंचाईचा दावा तपासला. मुबलक पाण्याचा चित्रित पुरावा संस्थेकडे ऑफलाइन उपलब्ध. प्रकरण यादीच्या शेवटी.'

ते गेले. बकुळा टेबलाखालच्या फरशीकडे बघत होती.

"हितंच व्हती आपली हीर," ती म्हणाली. "मी नवी नवरी आल्ते तवा हितनंच पानी नेयाची. बुजवली तवा पन तुमी न वाचता सही केलीत."

संध्याकाळी लाइट आली. दाखला क्षणात उघडला, शिक्क्यासकट, अगदी स्वच्छ. हरिचंद्रने माफी मागायला सभा बोलावली, आणि या वेळी सगळे वेळेवर आले. त्याला शिव्या मनसोक्त दिल्या. मग कुणीतरी सहज आपल्या फ्लॅटचा करारनामा फोनमध्ये शोधला, नेट बंद करून. मग दुसऱ्याने. हळूहळू शिव्या थांबल्या. करारनामा कुणाचाच उघडेना. हळदीतला नाच मात्र चौऱ्याऐंशी फोनांत जसाच्या तसा होता.

वाचकहो, हरिचंद्रला हसला असाल तर चांगलंच आहे, तो हसण्याजोगाच माणूस आहे. आता जरा आपल्या घराचा कागद उघडून बघा. पण आधी नेट बंद करा.