गॅरेजमधली लाल लोकर

विश्रामरावांना सुनेचा संशय आला तो गॅरेजमध्ये. मुलाच्या परदेशातल्या गावी, कॅसल हिलला, लॉकडाउन लागल्यापासून सावनी तिथे दार लावून काहीतरी करायची. गणपतीचे दिवस, स्वयंपाकघरातला गूळ संपला, म्हणून साठवणीतला आणायला ते आत डोकावले, तर भिंतीवर दाढीवाल्यांचे फोटो आणि याच्यापासून त्याच्यापर्यंत ताणलेली लाल लोकर. खाली चिठ्ठ्या: ‘अटक’, ‘गुप्त बैठका’, ‘हद्दपार’.

शेवटची चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. त्यांचाच व्हिसा वाढवायचा अर्ज अजून सरकारदरबारी लोंबकळत होता.

“हे कोण गं?”

“माझी पीएचडी, बाबा. एकोणिसाव्या शतकातला कॅटलान संगीतकार आणि त्याचं मित्रमंडळ.”

“संगीतकाराला हद्दपार कशाला करतील?”

“गिरणीकामगारांची गाणारी मंडळं काढली ना त्याने. त्यात राजाला नको असलेली मित्रमंडळी. सरकारला डाउट आला.”

“येणारच! नुसतं गायला एवढी माणसं जमतात होय?”

उभी हयात आयकर खात्यात गेलेली. पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पण आरतीची वेळ झाली होती. ते झांजा घेऊन परसात गेले. यंदा कुणाकडे जायची सोय नव्हती, म्हणून विश्रामराव कुंपणाशी उभे राहून सुरुवात करत आणि आजूबाजूच्या परसांतून तीन आजोबा आपापल्या झांजांनिशी साथ देत.

आरती ऐन रंगात आली आणि मुलगा मिहिर धावत बाहेर आला. “बाबा, दारात पोलीस!”

विश्रामराव गॅरेजकडे सुटले. फोटो ओरबाडले, लोकर तोडली, सगळं झब्ब्यात कोंबलं आणि पोट सावरत दारात हजर झाले.

“सुनेचा काही दोष नाही!” त्यांनी इंग्रजीत आधीच सांगून टाकलं.

“बाबा!” सावनी ओरडली.

“सून? नाही मेट, तक्रार तुमच्याविरुद्ध आहे,” पोलीस म्हणाला. “रोज संध्याकाळी तुम्ही धातू आपटून इशारा करता, म्हणे. मग चहूकडून उत्तरं येतात. कोण आहेत ती माणसं?”

“गातो हो आम्ही. देवाचं.”

पोलिसाने झब्ब्याखालून लोंबणाऱ्या लाल लोकरीकडे पाहिलं. “नुसतं गायला?”

विश्रामरावांनी लोकर घाईघाईने झब्ब्यात खुपसली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर चुरगळलेले दाढीवाले पुन्हा लागले. लोकरीच्या टोकाला एक नवा, बिनदाढीचा फोटो होता. खाली चिठ्ठी: ‘झांजा. ताकीद देऊन सोडले.’