वासूतात्यांचा कान

आमच्या श्रीवर्धनात भेटलेला माणूस ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारतो. वासूतात्या विचारत नसत. ते सरळ आपलं बोट समोरच्याच्या नाकाखाली धरत, कोणती नाकपुडी चालू आहे ते पाहत आणि मगच बोलायला लागत. डावी चालू असली तर जेवायला बसू देत नसत, अन्न पचायचं नाही म्हणून. उजवी चालू असली तर लांबच्या प्रवासाला निघू देत नसत. त्यामुळे भुकेला माणूस त्यांच्या वाटेला जात नसे.

एकदा मुंबईला निघालेल्या आमच्या ह्यांना त्यांनी किनाऱ्यावर अडवलं. आगबोट लांब पाण्यात उभी, तिच्यापर्यंत नेणारी होडी तयार, आणि हे वाळूत नाक वर करून उभे.

“तात्या, सोडा की त्यांना!” होडीवाला कोळी ओरडला. “आगबोट थांबायची न्हाय!”

“घाई कुणाला आहे?” तात्या म्हणाले.

“आगबोटीला हाय!”

शेवटी ह्यांनी तात्यांच्या सांगण्यावरून काखेत मूठ दाबून धरली, डावी नाकपुडी चालू करून घेतली, आणि डावा पाय आधी टाकून होडीत चढले. आगबोट मिळाली ती तिचंच काही बिघडलं होतं म्हणून. तात्यांनी त्याचंही श्रेय नाकपुडीला दिलं.

तात्या आमच्या शेजारचे, एकटेच राहत. तरुणपणी कुठे तरी लांब जाऊन योग शिकून आले होते. सकाळी त्यांच्या खळ्यात, वाळत घातलेल्या सुपाऱ्या चुकवत, गावातली चारसहा माणसं आसनं करत, आणि तात्या मधोमध डोळे मिटून बसत. “आसन बघायचं काय त्यात? ऐकायचं असतं!” आणि खरंच, डोळे न उघडता, “गोविंदा, वडे खाऊन आलास आज,” असं सांगत. गोविंदा खाऊनच आलेला असे. रस्त्यावरून कोण गेलं हेही त्यांना नुसत्या श्वासावरून कळायचं.

मी पालीची. लग्न होऊन इथे आले आणि समुद्राकाठच्या दमट हवेत मला दमा जडला. पावसाळ्यात मी चुलीपुढे कमी आणि भिंतीला टेकून जास्त. सासूबाईंनी ह्यांना सांगून टाकलं, “एवढा पावसाळा बघते. नाही सोसला तर हिला पालीला पोचवून ये. मग पुढचं बघू.” पुढचं म्हणजे दुसरी बायको, हे घरातल्या मांजरालाही समजत होतं. हे काही न बोलता वाडीत निघून गेले. मी मात्र धास्तावले. माहेरी परत धाडलेल्या बायकांचे हाल मी पालीत पाहिले होते.

आमच्या आणि तात्यांच्या घरांमध्ये कुंपण तेवढं होतं, आणि सासूबाईंचा आवाज कुंपणाला जुमानणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी तात्या आमच्या ओटीवर येऊन म्हणाले, “वहिनी, सूनबाईंना श्वास घ्यायला शिकवतो.”

त्या काळी सुनेने परक्या पुरुषासमोर यायची पद्धत नव्हती. मग सासूबाईंनीच तोड काढली. तात्यांनी ओटीवर रस्त्याकडे तोंड करून बसायचं, मी आत माजघरात, आणि मध्ये दाराआड पहाऱ्याला सासूबाई, सुपाऱ्या सोलत. आता ओटीवर सगळ्यात जवळून ऐकू येणार तो श्वास सासूबाईंचा!

“सूनबाई,” पहिल्याच दिवशी तात्या म्हणाले, “श्वास फार आखूड आहे. मनात राग दिसतो कुणाविषयी तरी. तो आधी सोडा.”

मी सोडण्यासारखं काही धरलंच नव्हतं. सासूबाईंच्या हातातली सुपारी मात्र थांबली. त्यांनी रागाने श्वास रोखून धरला.

“आता तर थांबलाच! सूनबाई, घाबरू नका. घाई कुणाला आहे?”

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. बोलावं तर चूक कबूल केल्यासारखं, न बोलावं तर जीव जायची पाळी. मी पदर तोंडात कोंबून हसू आवरत होते. रोज हेच. ‘खांदे खाली, सूनबाई,’ म्हटलं की माझे आणि सासूबाईंचे असे चारही खांदे खाली जात. होता होता सासूबाईंचा श्वास लांबला. त्यांना झोप लागायला लागली, भांड्यांची आदळआपट कमी झाली, आणि तात्यांना उशीर झाला तर त्या स्वतःच कुंपणाशी जाऊन हाक मारायला लागल्या.

श्रावणात एका दुपारी मला मोठी धाप लागली. डोळ्यांपुढे अंधारी आली. तात्या ओटीवरून शांतपणे सांगत होते, पण मला काही ऐकू येत नव्हतं. तेव्हा सासूबाई उठल्या, माझ्या पाठीला पाठ लावून बसल्या आणि मोठ्याने श्वास घेऊ लागल्या. “माझ्याबरोबर घे. आता सोड.” त्यांच्या पाठीच्या हालचालीवर मी श्वास घेतला. त्यानंतर त्या घरात पालीचं नाव फक्त गणपतीच्या दर्शनापुरतं निघालं.

पुढे बरीच वर्षं हा वर्ग चालला. परवा तात्या गेले, बसल्या जागी, कुणाला त्रास न देता. दुसऱ्या दिवशी सासूबाई सुपाऱ्या सोलायलाही बसल्या नाहीत, म्हणून त्यांना हसवायला मी म्हटलं, “बिचाऱ्या तात्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, की ते तुम्हाला शिकवत होते.”

“कळलं नाही?” सासूबाई म्हणाल्या. “गोविंदाचे वडे ओळखणारा माणूस तो! मला दुसऱ्याच दिवशी उमगलं होतं.”

मग त्यांनी सांगितलं. तात्यांची बायको द्वारका. तिलाही दमा होता. तात्यांच्या आईने तिला भर पावसाळ्यात माहेरी धाडलं. तात्या ओटीवर बसून होते, आईपुढे त्यांनी ब्र काढला नाही. दिवाळीला आणायला गेले तेव्हा ती उरली नव्हती.

“त्यानंतरच तात्या योग शिकायला बाहेर पडले,” सासूबाई म्हणाल्या. “आईला जे सांगता आलं नाही, ते मला सांगत होते ग. मी कळून न कळल्यासारखं केलं.”

मला रडू आवरेना. इतकी वर्षं ह्या माणसाच्या नाकपुड्यांवर आम्ही हसलो होतो.

तिन्हीसांजेला सासूबाईंनी कणकेचे दोन दिवे केले आणि मला बरोबर घेऊन त्या तात्यांच्या घरी गेल्या. तात्यांचा देह ठेवला होता त्या जागेवर एक दिवा त्यांनी लावला. दुसरा माझ्या हातात दिला.

“हा द्वारकेचा,” म्हणाल्या. “तू लाव.”